धांदलबाईचा खांदा

"सिस्टर, हिच्या आत शरीर आहे, की नुसता कापूस भरलाय?"

मास्तरांनी तिचा कागद सगळ्या वर्गाला दिसेल असा वर धरला होता. कागदावर एक जाडजूड कोट होता, कोटाच्या वर डोके आणि खाली दोन बूट. पुढच्या बाकावरच्या मुली खुदखुदल्या.

"शरीर आहे," ती म्हणाली. "पण ते तिचं आहे."

"कागदावर कुणाचं काही नसतं हो. आधी उघडी आकृती, मग तिच्यावर कपडे. अकरा आठवडे हेच सांगतोय. तुम्ही आपल्या सगळ्यात आधी कोट काढता."

'काढता' या शब्दावर मुली पुन्हा हसल्या. आपण काय बोललो ते मास्तरांच्या लक्षातही आले नाही.

हॉस्पिटलातल्या नर्सच्या नोकरीतून निवृत्त होऊन तिला दोन वर्षे झाली होती, पण सगळे तिला अजून सिस्टरच म्हणत. एकतीस वर्षे तिने लहान मुलांच्या प्लॅस्टरवर ससे आणि हत्ती काढून त्यांचे रडे थांबवले होते. ते कुणीतरी पाळकांच्या कानावर घातले आणि चर्चच्या मुलांच्या मासिकात दर महिन्याला एक पान चित्रकथा काढायचे काम तिच्या गळ्यात पडले. सशांचे बरे होते. माणसे काढायला घेतली की ती खुंटीला टांगलेल्या कपड्यांसारखी दिसत. तिची नायिका धांदलबाई सतत काहीतरी हरवायची आणि शोधत बसायची. तिला वाकायला, धावायला, पलंगाखाली शिरायला लागे, आणि तिला तर धड उभेही राहता येईना. म्हणून शनिवार सकाळचा हा वर्ग.

उघडे अंग काढणार नाही, हे तिने फॉर्म भरतानाच सांगितले होते. मास्तर तेव्हा 'बघू' म्हणाले होते. यात लाजण्याचा प्रश्न नव्हता. वॉर्डात तिने जेवढी उघडी अंगे पाहिली होती तेवढी मास्तरांनी उभ्या जन्मात पाहिली नसतील. पण तिने ती पाहिली खाटेभोवतीचा पडदा ओढून घेऊन. देवाने दिलेले अंग ज्याचे त्याने झाकावे, दुसऱ्याने गरजेपुरतेच बघावे, एवढा तिचा साधा विश्वास होता. कागदावरची बाई खोटी असली तरी तिच्याकडे बघणारे डोळे खरेच असतात, असे तिला वाटे.

मग ती पळवाटा शोधायची. धांदलबाई टेबलामागे, धांदलबाई झुडपामागे, धांदलबाई अर्ध्या दारामागे.

"एवढी अर्धी दारं असलेलं घर बांधलं कुणी?" मास्तर म्हणाले. "हे बघा, पुढच्या शनिवारी मॉडेल येणार आहे. बसायचं तर सगळ्यांसारखं बसा. नाहीतर तुमचा वेळ आणि माझं डोकं, दोन्ही वाया घालवू नका."

ती तणतणत घरी आली. घरी थोरली बहीण होती. दोघींनीही लग्न केले नव्हते. ताईने चाळीस वर्षे मुलींना शिवण शिकवले होते आणि तिच्या स्वतःच्या झग्याच्या बाह्या भर उन्हाळ्यातही मनगटापर्यंत असत. ताईने चष्मा लावून चित्र जवळ धरले.

"हिच्या बाह्या वर का?"

"ताई, ती भांडी घासतेय."

"मग भिजू देत."

सिस्टरने पेन्सिली डब्यात टाकल्या आणि झाकण आपटले. तिकडे अंग दिसत नाही म्हणून ओरडा, इकडे कोपर दिसले म्हणून ओरडा. वर्ग सोडायचा आणि पाळकांना नाही म्हणून सांगायचे, असे तिने ठरवून टाकले.

बुधवारी सकाळी ताई न्हाणीघरात पडली. उजवे मनगट मोडले आणि कमरेला चांगलाच मुका मार बसला. डॉक्टरांनी प्लॅस्टर घातले आणि तीन आठवडे अंथरुणातून उठायचे नाही, असे बजावले.

गुरुवारी सिस्टरने अंग पुसायला गरम पाणी आणले, तर ताईने चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली.

"नको."

"अगं, वास येतोय अंगाला."

"येऊ दे."

शुक्रवारी पुन्हा तेच. सिस्टरच्या नाकीनऊ आले.

"एकतीस वर्षं हेच केलंय मी, ताई. किती लोकांची अंगं पुसली त्याची मोजदाद नाही."

"ती परकी माणसं होती. बरी झाली, गेली. तू मला रोज जेवताना समोर दिसणार."

सिस्टर भांडे घेऊन बाहेर गेली, पाणी पुन्हा गरम केले आणि परत आली.

"चादर काढणार नाही. हात आत घालून पुसते. आणि भिंतीकडे बघते."

"शपथ?"

"शपथा घेत नाही मी, ठाऊक आहे तुला. बघणार नाही म्हटलं ना."

ताईने डोळे घट्ट मिटले. तिच्या ओठांत प्रार्थना सुरू झाली.

वॉर्डात सिस्टरने असे कधी केले नव्हते. भिंतीवरच्या पोपड्यांकडे बघत ती ओले फडके फिरवत राहिली आणि तळहाताला एकेक गोष्ट कळत गेली. उजवा खांदा वर होता, डावा उतरलेला. चाळीस वर्षे शिवणयंत्रावर वाकून बसल्याचा तो हिशेब होता. पाठीचा कणा एकीकडे झुकला होता आणि त्याला तोलायला कंबर दुसरीकडे सरकली होती. दुखऱ्या बाजूवर भार नको म्हणून सगळे अंग डाव्या कुशीवर रेलले होते. आणि ताई हडकुळी झाली होती. कधी झाली, ते एका घरात राहून सिस्टरला कळले नव्हते.

"पाणी गार होतंय," ताई म्हणाली.

दुपारी ताईला झोप लागली. सिस्टर पलंगाजवळ कागद घेऊन बसली आणि नेहमीप्रमाणे सरळ कोटच काढू लागली. धांदलबाई पलंगाखाली चष्मा शोधत होती. पण आज कोट एका खांद्यावर चढला, पाठीवर ताणला गेला, कमरेशी त्याला आडव्या चुण्या पडल्या. कोटातल्या बाईला वाकताना दुखत होते. तिला बघून हसू येत होते आणि दुखत होते, दोन्ही.

शनिवारी शेजारणीला ताईजवळ बसवून ती वर्गावर गेली आणि आतल्या मॉडेलच्या चौथऱ्याकडे पाठ करून दारातच उभी राहिली. मास्तर बाहेर आले.

"आत येताय की निघालात?"

"हे दाखवायचं होतं."

मास्तरांनी बराच वेळ कागद बघितला. खांद्यापासून कमरेपर्यंत हवेतच बोट फिरवले.

"इथे वजन आहे. आधी उघडी काढून मग खोडलीत ना?"

"नाही."

मास्तरांनी कागद उजेडात तिरपा धरून खोडल्याच्या खुणा शोधल्या. त्या नव्हत्याच.

"मग हे आलं कुठून?"

"ते नाही सांगता येणार, सर."

"अकरा आठवडे डोकं पिकवलंत माझं," मास्तर वैतागून म्हणाले. मग त्यांनी बाहेर हात केला. "व्हरांड्यात बाक आहे. येणारी-जाणारी माणसं काढा, कपड्यांसकट. वर्ग सुटला की बघतो. आणि बूट अजून विटांसारखेच आहेत."

ती घरी आली तेव्हा ताई जागी होती. तिने डाव्या हाताने कागद मागून घेतला.

"ही मी आहे."

"धांदलबाई आहे ती."

"खांदा माझा आहे." ताईने कागदावरून नजर काढली नाही. "भिंतीकडे बघत होतीस ना?"

"भिंतीकडेच बघत होते."

ताईने कागद चादरीवर ठेवला आणि चित्रातल्या खांद्यावर बोट टेकवले.

"लोकांना कळेल?"

"नाही कळणार. आणि तू नको म्हणालीस तर छापायचंच नाही."

ताईने चित्र दूर धरले, जवळ धरले. "हिचं गळ्याचं बटण लाव," ती म्हणाली. "मग दे त्यांना."

सिस्टरने पेन्सिलीला टोक केले आणि बटण लावले.

दुसऱ्या दिवशी उपासनेला जायच्या आधी तिने पाणी गरम करून आणले, फडके पिळले आणि भिंतीकडे तोंड करून बसली. मागे चादर सरकल्याचा आवाज झाला. ताईने डावा हात खांद्यापर्यंत बाहेर काढून तिच्यापुढे धरला होता.

"इकडे बघून पूस," ताई म्हणाली. "परवा सगळी गादी भिजवलीस."