बद्द आवाज

पान्हा हातातून निसटल्याचं फिटरने स्वतःच येऊन सांगितलं. शिडीवरून सुटला तो थेट पंखाच्या पॅनेलवर. वर साधा ओरखडाही नव्हता, तरी त्याचं मन खात होतं. काकांनी एकदा वाजवून बघावं, म्हणजे आपल्याला झोप लागेल, असं तो म्हणाला.

लहान विमानांच्या त्या दुरुस्ती-कारखान्यात सगळे त्यांना ठोकेकाका म्हणत. सव्वीस वर्षं त्यांचं काम एकच. पितळी हातोडीने पॅनेलवर बोटाबोटाच्या अंतराने हलके ठोके द्यायचे आणि कान लावायचा. काचेच्या आणि कार्बनच्या धाग्यांचे थर रेझिनमध्ये बसवून केलेली ही पॅनेलं. मार बसला तरी वरून हूं की चूं नाही. आतल्या आत थर सुटतात. धड जागी आवाज टणक येतो, सुटलेल्या जागी बद्द.

काकांनी दोनशेच्या वर ठोके दिले. सगळीकडे आवाज सारखाच आला. सहीसाठी पेन उघडलं आणि हात थांबला. सारखा म्हणजे कसा, हे त्यांना सांगता येईना.

कानांबद्दलची शंका मनात कधीची होती. मागे न्हाणीतला नळ सकाळभर वाहत राहिला, शेजारी दार बडवून थकला, तेव्हा पाऊण घर ओलं झालं होतं. मुलगी दर रविवारी फोन करायची. एकदा ती नातवाच्या तापाबद्दल सांगत होती आणि काका "छान, छान" म्हणाले होते. त्यानंतर तिचे फोन आखडत गेले. बायको जाऊन चार वर्षं झाली होती. घरात बोलणारं कुणी असतं, तर कानांचं कधीच उघडकीला आलं असतं.

त्यांनी पेन खिशात ठेवलं आणि इंजिनीअरबाईंना बोलावून आणलं. मुलीच्याच वयाची होती ती. ठोके देत देत ती पंखाच्या मधोमध आली आणि थांबली.

"काका, इथे बद्द येतोय. हे तर कुणालाही ऐकू येईल."

"मला येत नाही," काका म्हणाले.

तिने हातोडी खाली ठेवली. 

पॅनेल उतरवलं. मार बसलेल्या जागेचा एक तुकडा कापला, धड जागेचा एक, आणि दोन्ही दाबयंत्राखाली घातले. धड तुकडा ठरल्या भारापर्यंत तग धरून राहिला. दुसरा निम्म्याच्या जरा पुढे गेला आणि बसला. बाई म्हणाली, काचेचे थर होते म्हणून एवढं तरी बळ उरलं, नुसता कार्बन असता तर तेही नसतं. काका दोन्ही तुकडे हातात घेऊन उलटसुलट करत राहिले. दाबण्याआधी वरून दोन्हींत डावंउजवं करता येत नव्हतं.

बाईने मग दार लोटून घेतलं. काकांच्या निवृत्तीला आठच महिने होते. तोवर त्यांना भांडारात बसवायचं ती बघणार होती. कारण कुणाला सांगायची गरज नव्हती. काकांनी सगळं तिच्या ओठांकडे बघत ऐकून घेतलं.

"वर्षभरात माझ्या सहीने गेलेली पॅनेलं परत तपासायची," ते म्हणाले. "एकेचाळीस आहेत."

"चौकशी लागेल, काका. सव्वीस वर्षांचं नाव आहे तुमचं."

"नावावर विमान उडत नाही, बाई."

चौकशीचं पत्र आठवड्यात आलं. कारखान्यात लोक त्यांच्याशी एकदम मोठ्याने बोलू लागले, आणि मग हळूहळू कमीच बोलू लागले. जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या बाकावर जागा मोकळी राहू लागली. पान्हावाला फिटर तेवढा डबा घेऊन शेजारी बसायचा. 

तपासणीला अकरा दिवस लागले. बाई ठोके द्यायची. काका तिच्या चेहऱ्याकडे बघत उभे राहायचे, आणि तिने मान हलवली की त्या जागी खडूने गोल काढायचे. एकेचाळिसांत दोन पॅनेलं सदोष निघाली. दोन्ही वेळा त्यांचा गोल सुबक, घोटीव आला.

अकराव्या दिवशी शेवटचं पॅनेल संपलं. बाईने पाठमोरी होऊन हातोडी पुसली, "झालं, काका," म्हणाली आणि हात धुवायला गेली.

काका खडू उचलून उभेच होते, तिने वळून मान हलवण्याची वाट बघत.