धुतलेली अकरा अंडी

सांगितलं तर भातकुलीच्या शिवेबाहेर कोणी खरं मानणार नाही, पण त्या सकाळी दुर्गाबाई अशी ओरडली की घरातला फ्रीज थरथरला, त्यानं दोन आचके दिले आणि तो बंद पडला. लाइटवाले म्हणतात, डीपी उडाली होती. म्हणोत बापडे.

ओरडायला कारणही तसंच होतं. काजळी ही दुर्गाबाईची काळीभोर असील कोंबडी, तिच्या माहेराहून आलेल्या कोंबडीची नात. आठवड्यापूर्वी तिला मुंगसानं नेलं. मागे राहिली अकरा अंडी. त्यांतून पिल्लं निघाली तर काजळीचा वंश राहणार, नाही तर संपला. दुर्गाबाईनं ती ज्वारीच्या टोपल्यात, निमुळतं टोक खाली करून रोवली होती. कोणी उचलून आमलेट करू नये म्हणून प्रत्येकावर कोळशाची रेघ ओढली होती. लाल कोंबडी खुडूक झाली, उबवायला बसायला लागली, की तिच्याखाली ठेवायची. आज ती खुडूक झाली, आणि टोपलं रिकामं! अंडी फ्रीजच्या दारात ओळीनं बसलेली, लग्नाला निघाल्यासारखी चकचकीत.

"कोनं धुतले हे अंडे?"

अकोल्याहून आलेली सून, रागिणी, पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "मी. काळं काळं लागलं होतं त्याईले. साबन लावून घासले अन् फ्रीजात ठेवले. कालच."

"काळं काळं! खूण होती माही ते, बयताडे! बसवाचे अंडे होते ते!"

"मले काय सपन पडलं होतं? आमच्या घरी अंडं म्हणजे खायाचं. आनलं का धुतलं, धुतलं का फ्रीजात."

"पन धुवाचं कायले? कोंबडी अंडं देते तवा त्याच्यावर साय चढवून देते. ते घासून काढली का अंड्याचे बारीक भोकं उघडे पडते. मंग घाण आत शिरते, मंग लागते तुले फ्रीज. माह्या ज्वारीतलं न धुतलेलं अंडं पंधरा दिस राह्यते, फ्रीजाचं तोंड न पाह्यता!"

"अन् वरून जे घाण चिकटली राह्यते, ते चालते पोटात गेलेली?"

"टरफल खाते का वं तू? फोडाच्या टायमाले धुवाव!"

बोलणं इतकं तापलं, की गॅस न पेटवता तवा तापला आणि रागिणीनं त्यावर दोन पोळ्या भाजून घेतल्या.

शेवटी दुर्गाबाईनं बोट रोखलं. "अकोल्याच्या शहाणे, तूच धुतले, आता तूच बसव. एक जरी पिल्लू निंघालं तं बोलीन मी तुह्यासंग. नाही तं..." पुढचं तिनं गिळलं, पण ते घरभर ऐकू आलं.

रागिणीनं अंडी बाहेर काढली, त्यांची थंडाई जाऊ दिली आणि टोपल्यात लाल कोंबडीखाली ठेवली. मग एकवीस दिवस दुर्गाबाई टोपल्याकडे पाठ करून बसली. रागिणीच्या हातचा चहा नको, भाकर नको. मुलगा सागर ड्यूटीचं नाव सांगून अमरावतीलाच मुक्काम करू लागला. पाठ फिरवली तरी दुर्गाबाईचा कान मात्र टोपल्यातच होता. त्या तीन आठवड्यांत तिचा डावा कान बोटभर लांबला, असं शेजारची नसीमबानो शपथेवर सांगते.

बाविसाव्या सकाळी चिवचिव झाली. दुर्गाबाई धावली. लाल कोंबडीच्या पंखांखालून काळी काळी पिल्लं डोकावत होती. नसीमबानोही आली. आदल्याच दिवशी अकोल्याच्या बाजाराला जाऊन आलेला पुंजाराम, दुर्गाबाईचा नवरा, मांडीवर थाप मारून सांगत होता,

"मी सोता पाह्यलं! पहिलं पिल्लू निंघालं ते कुडकुडून राह्यलं होतं. फ्रीजातलं ना! मी बिडी पेटवली, त्यानं बिडीवर पंख शेकले. अन् मंग बाकीच्या दहा अंड्याईवर चोचीनं टकटक करत फिरलं, निंघा रे, बाहेर ऊन हाय!"

"अन् टरफलं कुठी गेले, पुंजारामभाऊ?" नसीमबानोनं विचारलं.

"कोंबडीनं खाल्ले. बाळंतिणीले भूक लागते."

दुर्गाबाईनं एक पिल्लू तळहातावर घेतलं. काळं, ऊबदार. तिचे डोळे भरून आले, आणि त्याचाही तिला राग आला. सुनेकडे न पाहता ती म्हणाली, "पाह्यलं? तुह्या साबनाले, तुह्या फ्रीजाले पुरून उरलं माह्या काजळीचं रक्त. जाय, चहा टाक. पेतो."

रागिणी हलली नाही. तीन आठवडे गिळलेला एकेक शब्द तिच्या तोंडावर लाल होऊन चढला होता. पुंजाराम डोळ्यांनी खुणावत होता, गप, पोरी, गप. तिनं टोपल्यात हात घातला. कोंबडीनं कडकडून चोच मारली. हात मागे न घेता तिनं कोंबडीच उचलून काखेत धरली.

"खोटं बोलू नका, मामाजी! अकराच्या अकरा अंडे इथंच हायेत. एकालेही तडा गेला नाही!"