फुटलेला पेपर

"घड्याळ काढा." अख्तरबानूंनी कॅलेंडरचं फाडलेलं पान उलटं करून नवऱ्यापुढे सरकवलं. "पावणेतीन वाजलेत."

"चहा तरी पिऊ दे."

"आधी घड्याळ."

हमीदभाईंनी पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि गोल काढला. गोल झकास आला. नारायण पेठेत जन्मभर फोटोफ्रेमचं दुकान चालवलेला माणूस, त्याच्या हाताला गोल आणि चौकोन सांगावे लागत नाहीत. मग आकडे बसले, मोठा काटा नऊवर गेला. लहान काट्यापाशी पेन्सिल थबकली. पावणेतीनला लहान काटा नेमका कुठे असतो, यावरून आठवडाभर त्या घरात रोज सकाळी कटकट चालली होती. हमीदभाईंनी बायकोच्या चेहऱ्याकडे बघत बघत काटा तिनाच्या जरा अलीकडे टेकवला.

"हं. आता शब्द."

"कंदील पेरू शेजारी रुमाल पूल."

"एका दमात नाही म्हणायचं हो! पाठ केलंय ते लगेच कळतं. मध्ये जरा आठवल्यासारखं करा."

हमीदभाईंनी छताकडे पाहिलं, कपाळाला बोट लावलं आणि डोळे बारीक केले. "कंदील... अं... पेरू..."

"एवढंही नको. नाटक वाटतं."

"बाई, तू परीक्षा घेतेस की तालीम?" हमीदभाई हसले. बायकोला ते लग्नापासून 'बाई'च म्हणत. शाळेतली पोरं म्हणतात तर मी का नको, हा त्यांचा हिशेब होता.

"आज पास झालात तर संध्याकाळी कांदाभजी," अख्तरबानू म्हणाल्या आणि अखेर चहाचा कप पुढे केला.

अख्तरबानूंनी महापालिकेच्या मराठी शाळेत चौथीचा स्कॉलरशिपचा वर्ग घेतला होता, तोही एक-दोन वर्षं नव्हे, निवृत्त होईपर्यंत. माझ्या वर्गातलं पोर नापास होत नाही, हे त्या गर्वानं सांगत आणि ते खरंही होतं. पण हा विद्यार्थी निराळा होता आणि ही परीक्षाही निराळी होती.

त्याचं असं झालं. कर्वेनगरला राहणाऱ्या त्यांच्या लेकीनं, नाजिमानं, दोन वर्षांपूर्वी घरी येऊन सांगितलं की तिच्या घराजवळच्या संशोधन केंद्रात साठीपुढची धडधाकट माणसं हवी आहेत. वर्षातून एकदा रक्त द्यायचं, मेंदूचं स्कॅन करून घ्यायचं आणि चार प्रश्नांची उत्तरं द्यायची. विसरण्याचा आजार दिसायला लागण्याआधीच ओळखता येतो का, ते तिथे शोधत होते. हमीदभाई लगेच तयार झाले. पहिल्या वर्षी खोलीतून बाहेर आले ते पाच शब्द मोठ्यानं म्हणतच. "पाचच्या पाच सांगितले, बाई!" अख्तरबानूंच्या डोक्यात ते शब्द तेव्हाच पक्के बसले. प्रश्नपत्रिका हाती लागल्यावर विसरतील तर त्या मास्तरीण कसल्या?

त्यानंतर दुकानातून बारीकसारीक बातम्या येऊ लागल्या. मुलगा अरफात एकदा सहज म्हणाला, "अम्मी, अब्बांनी आज एकाच फोटोसाठी तीनदा माप घेतलं, तरी काच छोटीच कापली." अख्तरबानू म्हणाल्या, "चष्म्याचा नंबर वाढला असेल." नंबर वाढला नव्हता. त्यांनी स्वतःच गुपचूप तपासून आणला होता.

त्यांना आजाराची भीती होती, पण त्याहून जास्त भीती त्या आजाराच्या नावाची होती. त्यांच्या सासूबाई शेवटी शेवटी घरचा रस्ता चुकत, सुनेला 'तुम्ही कोण' असं विचारत. लोकांनी त्याला म्हातारचळ म्हणून नाव दिलं, आळीतली पोरं मागे लागून हसत आणि घरच्यांनी दाराला बाहेरून कडी घातली. ती कडी लावायचं काम सुनेकडे होतं. हमीदभाईंच्या बाबतीत तो शब्द कुणाच्या तोंडून निघू द्यायचा नाही, एवढंच अख्तरबानूंनी ठरवलं होतं. म्हणून दुसऱ्या वर्षीची तारीख आली तशी त्यांनी शिकवणी सुरू केली. त्या वर्षी हमीदभाई हसतमुखानं बाहेर आले, "सगळे आले" म्हणाले, आणि घरात भजी झाली.

रक्त आणि स्कॅन गेल्या महिन्यातच झालं होतं. आज फक्त तोंडी परीक्षा आणि मग डॉक्टरांची भेट होती. प्रश्न विचारणारी अक्षता नावाची मुलगी होती, अगदी नाजिमाच्या वयाची.

"या काका. काकू, तुम्ही बाहेरच बसा हं. एसी बंद पडलाय आमचा, सो दार थोडं उघडं ठेवते."

अख्तरबानू बाहेरच्या बाकावर डबा मांडीवर घेऊन बसल्या. आतलं सगळं ऐकू येत होतं. वार, महिना, साल व्यवस्थित पार पडलं. घड्याळही झालं असावं, कारण पेन्सिलीचा आवाज थांबला आणि अक्षता "छान" म्हणाली.

"काका, मघाशी मी तुम्हाला पाच शब्द सांगितले होते. आठवतील तेवढे सांगा."

अख्तरबानूंनी मनातल्या मनात 'कंदील' म्हटलं. त्यांच्या वर्गातल्या पोरांसाठी त्या असंच म्हणत, मनातून मनात ढकलल्यासारखं.

"कंदील..." हमीदभाईंचा आवाज आला. "पेरू... शेजारी... रुमाल... पूल."

मध्ये मध्ये आठवल्यासारखंही केलं होतं. अगदी शिकवलं तसं! अख्तरबानूंनी डोळे मिटून 'शुक्र आहे' म्हटलं.

"काका," अक्षता हळू म्हणाली, "हे नव्हते. मी चमचा, अंगण असे शब्द सांगितले होते. बघा, काही आठवतंय?"

"ते..." पेन्सिल टेबलावर दोनदा टकटकली. मग हमीदभाई नम्रपणे म्हणाले, "ते नाही हो येत. पण आमच्या बाईंनी शिकवलेले सगळे येतात."

अख्तरबानूंच्या मांडीवरचा डबा कलला आणि आमटीचा एक ओघळ साडीवर आला. त्यांनी तो पुसला नाही. पेपर बदलला होता. आणि आपण काय करून बसलो? जिथे खरं कळायला हवं होतं तिथेच आपण दोन वर्षं खोटे मार्क पाठवत राहिलो. डॉक्टरांनी त्या मार्कांवर विश्वास ठेवला असेल. आजार आत वाढत राहिला असेल आणि आपण इकडे भजी तळत होतो.

थोड्या वेळानं डॉक्टर पद्मजांनी त्यांना एकट्यांना आत बोलावलं. दरवर्षी सोबत आलेल्या माणसाशी त्या वेगळं बोलत. समोरच्या पडद्यावर मेंदूची दोन चित्रं शेजारी शेजारी होती. अख्तरबानू खुर्चीवर बसल्याच नाहीत.

"डॉक्टर, चूक माझी आहे. मी त्यांची तयारी करून घेत होते. शब्द, घड्याळ, सगळं. तुमचं सगळं संशोधन मी नासवलं. त्यांना काही म्हणू नका."

"बसा आधी."

"त्यांची दोन वर्षं वाया घालवली का मी? तेवढं सांगा. मग बसते."

"एक दिवसही वाया गेला नाही," पद्मजा म्हणाल्या. "बसा बघू."

त्या बसल्या. पद्मजांनी पडद्याकडे बोट केलं. मेंदूत एक प्रथिन साचायला लागतं, त्याच्या खुणा रक्तात दिसतात, माणूस बोलताना-चालताना अडखळायच्या कितीतरी आधी. मागच्या वर्षी रक्तात तो बदल जरासा दिसला होता. यंदा तो वाढलाय आणि स्कॅनमध्येही दिसतोय. हो, तोच आजार आहे, पण अगदी सुरुवात आहे. पूर्ण बरं होईल असं मी म्हणणार नाही. वेग कमी करायचा प्रयत्न करता येईल, औषधांचं बघता येईल, आणि पुढचं सगळं त्यांना विचारून, त्यांच्या मर्जीनं ठरवता येईल. एवढा वेळ हातात आहे.

अख्तरबानूंना सासूबाई आठवल्या. त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं.

"म्हणजे मी शिकवलं तरी रक्तानं खरं तेच सांगितलं."

"रक्ताची शिकवणी घेता येत नाही ना."

"बरं झालं, डॉक्टर. लाख उपकार झाले तुमचे." अख्तरबानूंनी पदर डोळ्यांना लावला. "पण माझ्या मार्कांनी तुमचा हिशेब चुकला असेल."

पद्मजांनी खुर्ची पुढे ओढली. "खरं तर हे सांगायचं नाही असं मी कबूल केलं होतं. पण तुम्ही स्वतःला फार लावून घेताय, म्हणून सांगते. मागच्या वर्षी काका आत आले आणि दार लावून अक्षताला म्हणाले, 'आमच्या बाई पेपर फोडतात. तुम्ही दुसरा काढा.'"

अख्तरबानूंचा पदर डोळ्यांवरून खाली आला.

"तेव्हापासून त्यांना नवे शब्द देतो आम्ही. मागच्या वर्षी त्यातले चार आले होते. आणि म्हणाले, 'शेवटी तिचे पाचही विचारत जा, नाहीतर घरी जाऊन काय सांगू? घाबरली आहे ती. शिकवत असली की तिला जरा बरं वाटतं.' तुमचे शब्द आम्ही विचारतो, पण मोजत नाही. आज कुठला पेपर कुठला, याचा त्यांचा गोंधळ झाला, एवढंच."

हमीदभाई बाहेर बाकावर बसून अक्षतानं दिलेलं बिस्किट चहात बुडवत होते. अख्तरबानूंना बघून त्यांनी भुवया उडवल्या, म्हणजे, काय निकाल? त्यांनी नुसती मान हलवली आणि नवऱ्याचा हात धरून त्याला उठवलं. चारचौघांत हात धरायची त्यांची रीत नव्हती.

रिक्षा मिळाली. कर्वे रस्त्याची गर्दी ओलांडेपर्यंत त्यांनी नवऱ्याचा हात सोडला नाही. मग त्यांना राहवेना.

"अहो, मागच्या वर्षी तुम्ही त्या अक्षताला सांगितलं होतंत? मी पेपर फोडते म्हणून?"

"मी?" हमीदभाई चांगलेच दुखावले. "तुझी चुगली करीन मी? तौबा तौबा! काहीतरीच काय विचारतेस!"

पोर खोटं बोलतंय की खरं, हे अख्तरबानूंना नजरेवरून कळायचं. हमीदभाई खोटं बोलत नव्हते. त्यांनी केलं होतं आणि ते त्यांना आठवत नव्हतं. 'अहो, नीट आठवा' हे शब्द अख्तरबानूंच्या अगदी ओठावर आले. जन्माची सवय. त्यांनी ते गिळले.

"नाही, तुम्ही कशाला कराल," त्या म्हणाल्या. "शुक्रिया हं."

"कशाबद्दल?"

"असंच."

"मग ठीक आहे." हमीदभाई सावरून बसले. मग त्यांनाच वाटलं, बाई आज फार गप्प आहेत. "विचार की शब्द. सकाळचे."

"राहू दे आता."

"विचार गं. येतात मला."

"बरं. सांगा."

हमीदभाईंनी कपाळाला बोट लावलं. "कंदील... पेरू... शेजारी... रुमाल." आणि थांबले. रिक्षा नदीवर आली होती, कठड्याच्या सळ्या भराभर मागे जात होत्या. हमीदभाईंनी खाली पाण्याकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. झालं सगळं, अशा खात्रीनं ते हसले.

"किती मिळाले?"

"पैकीच्या पैकी," अख्तरबानू म्हणाल्या. न आलेल्या उत्तराला त्यांनी आजवर कधी मार्क दिले नव्हते.

"मग आज भजी," हमीदभाई म्हणाले.