सातव्या गाण्यातली टाळी

"‘टाळ्या : अज्ञात,’" थिओटिस न्हाव्याने रेकॉर्डच्या कव्हरची मागची बाजू मोठ्याने वाचली. "सॅक्सोफोनवाल्याचं नाव आहे, ड्रमवाल्याचं आहे. एझेल, लेका, तुझं कुठाय?"

कॅन्सस सिटीतल्या त्या दुकानात हशा पिकला. एझेल ब्रॉडनॅक्सने चाळीस वर्षं खाटीकखान्यात मांस वाहिलं होतं आणि तितकीच वर्षं एक गोष्ट सांगितली होती : सत्तेचाळीस साली तो स्टुडिओत जेवण पोचवायला गेला, गाण्यात टाळ्या द्यायला एक माणूस कमी होता आणि गायिका ऑर्लीन ट्रूहार्टबाईंनी त्याला आत ओढलं. गोष्ट सर्वांना पाठ होती. विश्वास कोणाचाच नव्हता. आता बाईंच्या गाजलेल्या सोळा गाण्यांची ही नवी रेकॉर्ड निघाली होती. बाई जाऊन मात्र बारा वर्षं झाली होती.

"सातवं लाव," एझेल म्हणाला. "दुसऱ्या कडव्यानंतर एक टाळी चुकलीय. पहिल्या ठोक्यावर पडलीय. ती माझी."

हसणारे एकमेकांकडे बघू लागले. चारांतल्या दुसऱ्या नि चौथ्या ठोक्यावर टाळी द्यायची, हे तिथली पोरं चर्चच्या गाण्यांत, चालायला लागण्याआधीच शिकतात. माणूस दारू प्यायला, बायकोला टाकून गेला, तरी रविवारी चर्चमध्ये त्याला बाकावर जागा मिळते. पहिल्या ठोक्यावर टाळी देणाऱ्याशेजारी कोणी बसत नाही.

"काका, त्यापेक्षा खोटारडे राहिला असतात तर बरं होतं!" खुर्चीतलं गिऱ्हाईक फेसाआडून म्हणालं.

थिओटिसने सुई ठेवली. पियानो धावत सुटला आणि सगळ्या वाद्यांना खांद्यावर घेऊन जिना चढावा तसा बाईंचा आवाज वर गेला. दुसरं कडवं संपलं. आणि भर प्रार्थनेत शिंकावं तशी एक एकटी टाळी.

"अरे देवा," थिओटिस कळवळला.

लगेच बाई हसल्या. ते हसू ओळीत तसंच मिसळून त्यांनी पुढचं कडवं उचललं. त्या हसण्यावर गावातली निम्मी लग्नं जमली होती. बाई तिथेच का हसतात, हे कोणी विचारलं नव्हतं. जुन्या तबकड्यांच्या खरखरीत टाळी बुडाली होती, हसू तेवढं वर राहिलं होतं.

गाणं संपलं तशी थिओटिसने सुई उचलली.

"नंतर तुला काय म्हणाल्या रे?" थिओटिसने हळूच विचारलं.

"कुठल्या चर्चचा, म्हणून विचारलं. मी आपलं सोडून दुसऱ्याच चर्चचं नाव सांगितलं."

थिओटिसने फेसवाल्याला खुर्चीतून उठवलं, टॉवेल झटकला आणि एझेलला बसायची खूण केली. एझेलच्या डोक्यावर गेली वीस वर्षं कापण्याजोगं काही नव्हतं. तरी थिओटिसने कात्री घेतली आणि त्या डोक्याभोवती सावकाश, हवेतच चालवत राहिला.