आप्पांच्या गालातली गाठ

सख्खा बाप ऐकत नसेल तर डॉक्टरकी काय चुलीत घालायची? सुविधानं निपाणीत दातांचा दवाखाना थाटला, गावभराच्या तोंडात डोकावून झालं; पण घरच्याच भीमाप्पांच्या गालातली वाटाण्याएवढी गाठ तिला काढता येईना.

गाठ तशी साधी. तुटक्या दाढेची धार गालाला रोज घासायची, घासून घासून तिथं मांस वाढलेलं. मऊ, गुळगुळीत, बारीक देठावर लोंबणारी. असल्या गाठी तिनं ढिगानं काढल्या होत्या. जागा बधिर करायची, कापायची, खात्रीसाठी तुकडा तपासायला बेळगावला धाडायचा, दाढेची धार घासून बोथट करायची, की झालं.

"लोखंड लागलं की पसरतंय त्ये," आप्पा म्हणायचे. "तुझ्या थोरल्या चुलत्याचं बघितलंस न्हवं?"

"काकांचा कॅन्सर होता, आप्पा. आणि ते गेलेच उशिरा. हे तसलं नाही हो. लिहून देऊ का?"

"लिहून दे न्हायतर कोरून दे. मी न्हाय कापून घेणार."

समजावून झालं, रडून झालं, अबोला धरून झाला. आप्पा ढिम्म! महिनेच्या महिने गेले, सुविधाचं डोकं फिरायची पाळी आली.

आणि परवा सकाळी स्वारी हसत हसत दवाखान्यात हजर. "गेली गं तुझी गाठ! शिवायच्या दोऱ्यानं आवळून ठेवलीती. काल गळून पडली बघ. लोखंड न्हाय, काय न्हाय."

सुविधाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुकडा कुठाय?"

"टाकला की गटारीत."

"अहो आप्पा, काय करून बसलात! तोच तर तपासायचा होता!" तिनं हातातला ट्रे धाडकन आदळला.

आप्पांचं हसू मावळलं. दारातूनच ते हळूच म्हणाले, "पण कॅन्सर न्हवता न्हवं, पोरी?"

इतके महिने ती हेच घसा फोडून सांगत होती. आता ती ट्रेमधली हत्यारं उगाच सरळ करू लागली. नसणारच तो. पण दाखवायला हातात काय उरलं होतं?

आप्पांनी तिचा चेहरा वाचला. टोपी काढून ते खुर्चीत बसले.

"बुडखा असंल अजून गालात. काप त्यो. कळू दे एकदाचं." आणि डोळे गच्च मिटून त्यांनी आ केला.

"एवढंच तर मागत होते हो मी," सुविधा पुटपुटली, आणि इंजेक्शन भरायच्या निमित्तानं तिनं भरलेले डोळे दुसरीकडं वळवले.