चार नटांचे चाक

मी एक जुना रणगाडा आहे. हसू नका, मित्रांनो. माझी लांबी वीतभर असली, तरी माझा राग चांगला हातभर आहे, आणि आज मी रागावूनच बोलणार आहे. गोड गोड ऐकायचे असेल, तर शेजारच्या फुलदाणीकडे जा.

माझा जन्म जेवणाच्या टेबलावर झाला. मला घडवणारी बाई दिवसभर दंतवैद्यांसाठी कवळ्या बनवते. सुटीच्या दुपारी जेवणे आटोपली, की ती टेबल पुसायची, डोळ्याला भिंग लावायची आणि माझ्या मागे लागायची. खऱ्या रणगाड्याचा मी बरोबर पस्तिसावा हिस्सा. माझ्या दोन्ही साखळपट्ट्यांची एकशे अठ्ठावन्न पाने तिने एकेक करून जोडली. एक पान उलटे बसले, तर तिने सगळा पट्टा उसवला. तेव्हा मी तिला मनातल्या मनात बरेच काही बोललो होतो. ते शब्द मी परत घेतो.

चालढकल करायची सोयच नव्हती, कारण समोर तिचे बाबा बसलेले असत. तरुणपणी युद्धात ते रणगाडा चालवत, आणि मी त्यांच्या त्या एकाच रणगाड्याची प्रतिकृती आहे.

"हा पोचा जरा डावीकडे घे," ते म्हणायचे.

"बाबा, नखभरच चुकलाय."

"तुझं नखभर म्हणजे तिथं हातभर होतं, पोरी."

ती पोचा बुजवून नवा पाडायची.

आता माझ्या चाकांकडे बघा. डाव्या बाजूला सहा चाके. त्यातली पाच चाके आऱ्यांची, आणि तिसरे मात्र सपाट, थाळीसारखे. इतरांवर सहा सहा नट, त्याच्यावर चारच. हे असे का, ते बाबांनी तिला सांगितले, तेव्हा मी टेबलावर अर्धवट उघडा पडून ऐकत होतो.

"सुरुंगानं चाक गेलं. जवळच आमचाच एक मोडका गाडा पडला होता, जरा वेगळ्या बनावटीचा. त्याचं चाक काढून आणलं. नट आवळायला उंट खाली उतरला. चार आवळून झाले होते."

उंट म्हणजे तोफेत गोळे भरणारा त्यांचा सोबती. इतका उंच, की त्याला आत घडी घालून बसवावे लागे. पाचवा नट हातात असताना त्याला गोळी लागली. बाबांनी चार नटांवर रणगाडा मागे आणला आणि उरलेली माणसे वाचली. उंटाचा एकही फोटो नाही, कारण फोटो काढणारा नेहमी तोच असे.

ते चाक तिने कवळीच्या गुलाबी मसाल्यातून ओतले आणि वर रंग दिला. दोन भोके मुद्दाम रिकामी ठेवली. पुढची सात वर्षे बाबा रोज सकाळी चहाचा कप घेऊन माझ्यापाशी येत, त्या चाकावर बोट टेकवत आणि विचारत, "काय उंटा, झोप झाली का?" आपल्या मित्राला भेटायला त्यांच्याकडे तेवढीच जागा होती.

मग प्रतिकृती बनवणाऱ्यांच्या मंडळाचे प्रदर्शन आले. चिटणीस स्वतः मला न्यायला आले. माणूस भला, हीच तर अडचण. दुष्ट असता तर त्याने मला आपटले असते आणि विषय तिथेच संपला असता. ही मंडळी एकेक रिव्हेट मोजतात. चिटणिसांनी मला आराखड्याशेजारी ठेवले, भिंगातून पाहिले आणि च् च् केले. तिसरे चाक चुकीचे, वर दोन नट गायब. बाईंकडचे सुटे भाग संपले असावेत, असे त्यांनीच ठरवून टाकले. माझ्याबरोबर तिने पाठवलेला कागद त्यांनी सावकाश वाचण्यासाठी खिशात घातला. चिमट्याने माझे चाक उपटले, केराच्या डब्यात टाकले आणि आपल्या पेटीतले आऱ्यांचे, सहा नटांचे चाक चिकटवले. मी ओरडलो असतो, पण माझी तोफ लाकडी काडीची आहे.

आणि मग मला ऐतिहासिक अचूकतेचे पहिले पारितोषिक मिळाले! माझा एवढा अपमान कधीच झाला नव्हता.

बाबा लेकीचा हात धरून आले. काचेजवळ वाकले आणि बराच वेळ वाकूनच राहिले.

"हा आमचा नाही," ते म्हणाले.

"तुमचाच आहे, काका," चिटणीस हसून म्हणाले. "एक चाक चुकलं होतं, तेवढं मी ठीक केलं. त्या गाड्याला तसं चाक नव्हतंच."

"नव्हतं?"

"आराखड्यात नाही ना."

"मग आमचा उंट खाली कशाला उतरला होता?"

चिटणिसांनी खिशातला कागद तेव्हा काढला. वाचता वाचता त्यांचा चेहरा पडला. ते केराच्या डब्याकडे धावले, पण डबा सकाळीच रिकामा झाला होता. नंतर दोनदा घरी येऊन ते माफी मागून गेले. बाबांनी त्यांना चहा दिला. मी मात्र अजून माफ केलेले नाही, आणि करणारही नाही.

लेकीने पारितोषिकाचे पदक परत पाठवले. त्याच साच्यातून नवे चाक ओतले, चारच नट बसवले, दोन भोके रिकामी ठेवली. बाबांनी त्यावर बोट टेकवले, पण उंटाला हाक न मारताच काढून घेतले.

"छान झालंय, पोरी," ते म्हणाले. आता ते सकाळचा चहा खिडकीशी घेतात.

मित्रांनो, फडक्याने पुसा, ऊन लागू देऊ नका, एवढे सगळेच सांगतात. मला वेगळे सांगायचे आहे. दुसऱ्याच्या घरातली एखादी वस्तू तुम्हाला वेडीवाकडी दिसली, तर हात मागे घ्या आणि आधी विचारा. चिटणिसांच्या टेबलावर फोन होता. बाबा दिवसभर घरीच होते. हे चाक असे का, एवढेच त्यांना विचारायचे होते.