मला धुवायचं नसतं

मी ड्रम बोलतोय. निळा, प्लास्टिकचा, माणसाच्या छातीइतका उंच. सध्या पोटात काही नाही, त्यामुळे आवाज जरा घुमतो, तेवढं सांभाळून घ्या.

माझा जन्म कारखान्यातला. आमच्यात आईबाप नसतात, साचा असतो. सुरुवातीला सरबताच्या कंपनीत माझ्यात साखरेचा पाक भरला होता. मुंग्यांनी जीव नकोसा केला, पण मान होता. पाक संपला आणि गरज सरो, वैद्य मरो. भंगारवाल्याच्या अंगणात मी उन्हात फिका पडत बसलो. तिथून एका प्लंबरने मला सायकलला बांधून घरी आणलं.

घरात तो, त्याची आई आणि त्याची लहानगी मुलगी. बायको दूरच्या शहरात, अंथरुणाला खिळलेल्या एका आजोबांची सेवा करायला राहिलेली. वर्षातून एकदोनदा यायची. मुलगी तान्ही असताना ती गेली, त्यामुळे पोर आजीलाच आई म्हणायची आणि खरी आई आली की दाराआड लपायची. फोन कानाला लावला तर पाठ फिरवायची. प्लंबरला ते फार लागायचं. बायकोला कायमचं घरी आणायचं त्याच्या मनात होतं, पण नळाच्या कामावर घर चालत नव्हतं. म्हणून त्याने मागच्या अंगणात मासे पाळायचं ठरवलं.

आता मासे म्हणजे पाणी आलं. त्या वस्तीत नळ एक दिवसाआड यायचा, तोही करंगळीएवढा. तेव्हा एकदा भरलेलं पाणीच फिरवून फिरवून वापरायचं, असा त्याचा बेत. जुन्या पाइपांचा सांगाडा करून त्यात ताडपत्री ताणली, ती माशांची टाकी. मोडक्या कूलरचा पंप बसवला. टाकीतलं पाणी आधी एका बादलीत यायचं, तिथे गाळ खाली बसायचा. मग ते माझ्यात यायचं आणि माझ्यातून परत टाकीत. माझ्या पोटात त्याने बाटल्यांची झाकणं, पाइपाचे तुकडे आणि फाटक्या जाळीची भेंडोळी भरली होती.

माझं काम ऐकून तुम्ही नाक मुरडाल. मासे पाण्यातच खातात आणि पाण्यातच सगळं उरकतात. त्याचं पाण्यात विष होतं. डोळ्यांना दिसत नाही, पाणी छान नितळ दिसतं आणि मासे मरतात. पण माझ्यातल्या झाकणांवर हळूहळू एक तपकिरी बुळबुळीत थर धरतो. त्यात डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव राहतात आणि ते विष खाऊन टाकतात. म्हणजे पाणी शुद्ध मी करत नाही, माझ्यातली बुळबुळ करते. मी नुसता तिचा घरमालक. ती धरायला महिना-सव्वा महिना जातो. तोवरचे पहिले मासे मेलेच. प्लंबरने ते भिंतीकडेला पुरले आणि दुसरी पिल्लं आणली.

म्हातारीला हे काही पटत नव्हतं.

"तेच पाणी परत परत? अरे, भांडी तरी कुणी त्याच पाण्यात विसळतं का?"

"आई, फिरतं म्हणून तर चांगलं राहतं."

"मग तू पण त्यातच अंघोळ कर. नळाची वाट तरी बघायला नको."

पण यावेळी आणलेल्या चिलापी जातीच्या मासळ्या तगल्या. तळहाताएवढ्या झाल्या, मग दोन तळहातांएवढ्या. प्लंबर कामावरून आला की आधी माझं झाकण उघडून आत हात घालायचा, बोटांना बुळबुळ लागली की खूश व्हायचा. माझ्या घाणीवर इतकं प्रेम कुणी केलं नव्हतं.

बायको मात्र साबणसुद्धा धुऊन वापरणारी. फोनवर तिची एकच काळजी.

"घाण नाही ना होत हो? वास?"

"छे गं. पाणी अगदी काचेसारखं आहे. तू ये तर खरी."

बुळबुळीचं त्याने सांगितलं नाही. तिला किळस येईल, ती येतायेता थांबेल, अशी त्याला भीती. आल्यावर सांगू निवांत, असं त्याने ठरवलं. माणसं 'निवांत' या शब्दावर फार भरवसा ठेवतात.

शेवटी एक खानावळवाला मासे बघायला यायला तयार झाला. पसंत पडले तर दर आठवड्याला नेईन म्हणाला. बायको रजा काढून आली. मासे ठरले की तिकडे दुसरी बाई बघा म्हणून कळवायचं, असं नवराबायकोचं ठरलं होतं.

खानावळवाला दुसऱ्या दिवशी येणार होता. प्लंबर सकाळीच बर्फ आणि खोकी आणायला गेला. बायकोने बाह्या सरसावल्या आणि अंगण झाडायला घेतलं. झाडत झाडत माझ्यापाशी आली, झाकण उघडलं आणि तोंडावर हात ठेवला.

"आई, हे बघा काय. उद्या त्या माणसाने यात डोकावलं तर मासे घेईल का?"

"मी कधीची सांगतेय," म्हातारी म्हणाली. जन्मात पहिल्यांदा सासूसुनेचं एकमत झालं, ते माझ्यावर.

आजाऱ्याच्या खोलीत काम करून तिला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. बुळबुळीत दिसलं की जंतुनाशक ओतायचं. तिने पंप बंद केला, मला आडवा केला, झाकणांचा ढीग काढला आणि ब्लीचिंग पावडर कालवून घासायला बसली. मी ओरडत होतो. पण ड्रमचं ओरडणं कुणाला ऐकू येतं? माझ्या अंगावरचा जीव थराथराने निघून मोरीत चालला होता.

आणि तेव्हाच दाराआडून मुलगी बाहेर आली. रंगीत झाकणं बघून राहवलं नाही तिला. एक झाकण आईपुढे धरून म्हणाली, "हे पण धू." आईने धुतलं. मग दुसरं दिलं. मग आईच्या मांडीला टेकून बसली. म्हातारी हसत होती, बाई हसताहसता डोळे पुसत होती. त्या घरात इतकी सुखाची दुपार मी पाहिली नव्हती, आणि तिच्यातच माझं सगळं संपत होतं. विसळायला साठवणीचं सगळं पाणी गेलं.

संध्याकाळी प्लंबर आला. मी लखलखीत उभा, पंप सुरू, पाणी फिरत होतं.

"ओळखू येतो का हो ड्रम?" बायको म्हणाली. मुलगी तिच्या कडेवर होती.

त्याने माझ्यात हात घातला. गुळगुळीत लागलं. दुसऱ्या बाजूनेही त्याने चाचपून बघितलं. मग कडेवरच्या मुलीकडे बघितलं आणि म्हणाला, "छान झालाय."

पिण्याचा हंडा होता तेवढा त्याने टाकीत ओतला. बदलायला दुसरं पाणी घरात नव्हतं, नळाचा तो दिवस नव्हता. मासे वर येऊन तोंडं उघडत होते.

सकाळी सगळे पोटं वर करून तरंगत होते. खानावळवाला आला, नाकाला रुमाल लावला, "पुढं बघू" म्हणून गेला.

"असं कसं झालं हो?" बायकोने विचारलं.

"वीज गेली असणार. पंप थांबला."

"तेच घाण पाणी फिरवल्यावर दुसरं काय होणार," म्हातारी म्हणाली.

बायकोने टाकीत वाकून बघितलं. "माझंच चुकलं. मी आधी यायला हवं होतं. वेळेवर धुतलं असतं तर वाचले असते. नाही का हो?"

प्लंबर जाळीने मासे काढत होता. पुढचा मासा त्याने बादलीत टाकला. "हो," म्हणाला.

रजा संपल्यावर ती गेली. यावेळी मुलगी लपली नाही. फाटकाला धरून तिने असा आकांत मांडला की म्हातारीलाही आवरेना.

मला वाटलं, प्लंबर पुन्हा उभा राहील. पंप आहे, टाकी आहे, महिना-सव्वा महिन्यात मी पुन्हा बुळबुळीत झालो असतो. एकदा तो बादली घेऊन आलासुद्धा. माझ्या काठावर हात ठेवून उभा राहिला आणि तसाच परत गेला. मला कळलं का ते. पुन्हा सुरू करायचं तर बायको आल्यावर तिला सांगावं लागेल की मला धुवायचं नसतं. ते सांगितलं की मासे कशाने मेले, हे तिला कळायला वेळ लागणार नाही. तिची ती एकच दुपार, पोर मांडीला टेकलेली, ती त्याला हिरावून घ्यायची नाही. म्हणून मासे नाहीत, आणि मासे नाहीत म्हणून ती तिकडेच. यातून वाट मला दिसत नाही. त्यालाही दिसत नसावी.

तुम्ही कधी दूरच्या कुठल्या शहरात, एखाद्या आजाऱ्याच्या उशाशी बसलेली, सारखे हात धुणारी बाई पाहिलीत, तर माझं हे सगळं तिला सांगू नका, एवढी विनंती. तिने विचारलंच, तर म्हणा, घरी सगळं ठीक आहे, आणि ड्रम तुम्ही धुऊन ठेवलात तसाच स्वच्छ आहे.